बडदास्त आणि बर्दाश्त

इंग्रजी भाषेतील अडचणी घेऊन या सदराकडे येणारी पत्रे बहुधा विद्यार्थ्यांची किंवा शिक्षकांची असतात, आणि त्यांस उत्तर देणे फारसे जोखमीचे नसते. उत्तर चुकले तर फार तर एखादा गुण जावयाचा. या महिन्यात मात्र आमच्यापुढे जो प्रश्न आला आहे, तो एका मोठ्या एकत्र कुटुंबातील थोरल्या जाऊबाईंनी पाठविला असून त्यात गुणांचा संबंध नाही. एका नणंदेच्या दुखावलेल्या मनाचा आहे.

हकीकत अशी. या बाईंच्या धाकट्या दिरांचे चिरंजीव उच्च शिक्षणासाठी इंग्लंडास गेले. तेथे त्यांच्या आत्याबाई तीस वर्षे संसार करून आहेत. वसतिगृहात खोली मिळेपर्यंत मुलाने आपल्याकडेच राहावे असा आग्रह आत्याबाईंनी स्वतः धरला आणि तो इकडे सर्वांनी आनंदाने मान्य केला. पुढे एक निबंध वेळेवर पुरा होईना, म्हणून मुलाने आपल्या प्राध्यापकांस ई-मेलने आठवड्याची मुदत मागितली व त्यात आपला मुक्काम कोठे आहे हेही कळविले. प्राध्यापकांनी मुदत तर दिलीच, परंतु वर असेही लिहिले, की घरी त्रास आहे हे वाचून वाईट वाटले. विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलावयाचे असल्यास तशी व्यवस्था करून देतो.

मुलगा चक्रावला. त्रास कसला, हे त्याला उमगेना. तेव्हा त्याने जे केले त्यावरूनच त्याचे निर्दोषत्व सिद्ध व्हावे असे आम्हांस वाटते. तो ते उत्तर घेऊन सरळ स्वयंपाकघरात आत्याकडे गेला आणि ‘आत्या, यांनी असे का बरे लिहिले असेल?’ म्हणून विचारू लागला. आत्याबाईंनी त्याचे मूळ पत्र पाहावयास मागितले, ते वाचले, आणि काही न बोलता परत दिले. त्या रात्री त्यांनी इकडे थोरल्या बंधूंना फोन केला. ‘दादा, मी त्याला काय कमी केले?’ एवढेच त्या विचारीत राहिल्या.

ज्या वाक्याने हे सारे घडले ते येणेप्रमाणे : ‘आय ॲम पुटिंग अप विथ माय आंट टिल द एंड ऑफ ऑक्टोबर.’ पत्रलेखिका लिहितात, ‘मुलगा म्हणतो, मी आत्याकडे उतरलो आहे इतकेच मी लिहिले. वन्सं म्हणतात, तीस वर्षे इंग्रजीत काढली, मला या शब्दांचा अर्थ कळत नाही काय? दोघेही खोटे बोलणारी नव्हेत. आपण निवाडा करावा.’

निवाडा आरंभीच सांगून टाकतो : दोघांचेही म्हणणे खरे आहे. आता हे कसे, ते पाहू.

‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे मराठी तिसरीतला मुलगाही सांगेल. परंतु या दोहोंची बेरीज ‘वर ठेवणे’ येथे थांबत नाही. ‘पुट अप’ म्हणजे पाहुण्यास घरी ठेवून घेणे, त्याच्या निजण्याबसण्याची सोय करणे. आणि त्यापुढे ‘विथ’ हे एवढेसे शेपूट लागले, की ‘पुट अप विथ’ म्हणजे नकोशी गोष्ट वा नकोसे माणूस चालवून घेणे. एका शब्दयोगी अव्ययाने आदरातिथ्याची जागा सोशिकपणाला दिली! इंग्रजीत अशी जोडक्रियापदे अगणित आहेत आणि ती परकीयांस सर्वांत अधिक छळतात, ही तक्रार आजची नव्हे. डॉक्टर जॉन्सन यांनी 1755 साली आपला सुप्रसिद्ध कोश छापला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी कबूल केले होते, की क्रियापदाला अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही इंग्रजीची खोड परक्यांना अतिशय अवघड जाते. आणि म्हणून आपण असे प्रयोग मुद्दाम काळजीने टिपले आहेत. या जातीला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे आज रूढ असलेले नाव मात्र फार उशिरा मिळाले. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी 1925 सालच्या आपल्या पुस्तकात ते प्रचारात आणले व सुचविल्याचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले. म्हणजे पोर शतकानुशतके घरात वावरत होते, बारसे तेवढे राहिले होते.

आता ‘पुट अप’ला सहन करण्याचा अर्थ आला कोठून? जुन्या इंग्रजीत ‘पुट अप’ म्हणजे एखादी वस्तू उचलून तिच्या जागी, पिशवीत, खिशात किंवा म्यानात घालून ठेवणे. 1611 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात येशू ख्रिस्त पीटरला तलवार म्यान करावयास सांगतो, तेथे हेच क्रियापद आहे. जी गोष्ट तलवारीची, तीच अपमानाची. झालेला अपमान बाहेर न काढता आत घालून ठेवणे, म्हणजे त्याबद्दल जाब न विचारता गप्प राहणे, यालाही ‘पुट अप’ म्हणू लागले. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकात इयागोकडून लुबाडला गेलेला रॉडरिगो अखेर चिडतो व आजवर सोसले ते आता मुकाट्याने गिळावयास तयार नाही असे बजावतो, त्या ठिकाणीही ‘पुट अप’च आहे. लक्षात घेण्यासारखे हे, की तेथे ‘विथ’ नाही. त्या काळी नुसत्या ‘पुट अप’नेच अपमान गिळता येत असे, ‘विथ’ची सोबत पुढे, अठराव्या शतकात कायमची झाली. इंग्रज अपमान खिशात घालतो, आणि आपण दुसऱ्याचे अपराध पोटात घालतो. दोन्ही ठिकाणी कल्पना एकच. तथापि खिसा केव्हाही उलटा करून दाखविता येतो, पोटाचे तसे नाही, एवढा भेद आमच्या ध्यानी आल्यावाचून राहिला नाही.

पाहुण्यास ठेवून घेण्याचा अर्थही याच ‘जागच्या जागी घालण्या’तून निघाला. प्रवासी धर्मशाळेपाशी आला, की त्याचा घोडा तबेल्यात ‘पुट अप’ करीत, आणि मग धनीही त्याच इमारतीत ‘पुट अप’ होई. डिकन्सच्या कादंबऱ्यांत गाडीतून उतरलेली माणसे अमुक खानावळीत ‘पुट अप’ झाली, असे प्रयोग सहज आढळतात. तेच इंग्रजी आपल्याकडे शाळांतून आले आणि येथे चांगले मुरले. खुद्द इंग्लंडात हा स्वतः उतरण्याचा प्रयोग पुढे मागे पडला. आज तेथील तरुणाच्या तोंडी तो क्वचितच येईल. आपल्याकडे मात्र गावात नवा आलेला मनुष्य भेटताच ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ असे विचारणे अजूनही अगदी शिष्टसंमत आहे. इंग्रजाला ते जुनाट वाटते, परंतु कळते. घात होतो तो पुढच्या पायरीवर. ‘कोणाकडे’ उतरलो हे सांगताना आपला मनुष्य मराठीतल्या ‘-कडे’साठी ‘विथ’ योजतो, कारण ‘स्टे विथ’, ‘लिव्ह विथ’ हे त्याच्या परिचयाचे असते. आणि ‘पुटिंग अप’पुढे ‘विथ’ येताक्षणी इंग्रजी कानाला ते तीन सुटे शब्द ऐकूच येत नाहीत. त्याला एक जोडशब्द ऐकू येतो : सोसतो आहे. आपल्या चिरंजीवांचे हेच झाले. तीस वर्षांत आत्याबाईंचा कान इंग्रजी झालेला, आणि भाच्याची जीभ अद्याप पुण्याची.

येथे आम्हांस आमच्याच भाषेतील एक जोडी आठवते व ती सांगितल्यावाचून राहवत नाही. पाहुण्याची आपण ‘बडदास्त’ ठेवतो. हिंदी बोलणारा मनुष्य ‘बर्दाश्त’ करतो, म्हणजे सहन करतो. हे दोन्ही शब्द एकाच फारसी शब्दाचे आहेत. फारसीत ‘बर’ म्हणजे वर आणि ‘दाश्तन’ म्हणजे धरणे, बाळगणे. ‘बरदाश्तन’ म्हणजे वर उचलून धरणे. त्यातून एका अंगाने भार वाहणे, सोसणे हा अर्थ निघाला व तो हिंदी-उर्दूत राहिला. दुसऱ्या अंगाने एखाद्याचा भार आपल्यावर घेणे, त्याची निगा राखणे हा अर्थ निघाला व तो मराठीत घरचा झाला. फारसी ‘बर’ आणि आपले ‘वर’ हीसुद्धा चुलतभावंडेच. दोघांचाही मूळपुरुष ‘उपरि’. म्हणजे ‘वर ठेवणे’ या एका कल्पनेतून विलायतेत ‘पुट अप’ व ‘पुट अप विथ’ ही जोडी झाली, आणि इकडे बडदास्त व बर्दाश्त ही. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता पाहुणचार व सोशिकपणा शेजारीशेजारी मांडून ठेवावेत, हे पाहून ज्यांच्या घरी बारमाही पाहुणे असतात त्या आमच्या वाचकभगिनींस आश्चर्य वाटेल असे नाही.

असो. शब्दाचा अर्थ कळला तरी त्याचे वजन कळावयास हवे, आणि या ठिकाणी आपले इंग्रजी-मराठी कोश थोडे फसवितात. ‘पुट अप विथ’ याला बहुतेक ठिकाणी ‘सहन करणे’, ‘सोसणे’ असे प्रतिशब्द दिलेले असतात. ते चूक नव्हेत. पण जड आहेत. सोसणे हे मराठीत मोठे क्रियापद आहे. दुष्काळ, पुत्रशोक, कारावास ही सोसावयाची. इंग्रज अशा वेळी ‘एंड्युअर’, ‘सफर’ किंवा ‘बेअर’ म्हणेल. ‘पुट अप विथ’ हे घरगुती, बोलण्यातले, सैल कपड्यांतले क्रियापद आहे. शेजाऱ्याचा मोठ्याने लावलेला रेडिओ, वेळेवर न येणारी गाडी, यजमानांच्या कुत्र्याचे भुंकणे, साहेबाचा विक्षिप्तपणा, दाराची करकर, या गोष्टी ‘पुट अप विथ’ करावयाच्या. मृत्यूशय्येवरील मनुष्याने वेदना ‘पुट अप विथ’ केल्या असे म्हणणे विनोदी ठरेल, किंवा त्या मनुष्याच्या अंगी विलक्षण विनोदबुद्धी होती असे तरी सूचित होईल.

मराठीत याच्या अगदी जवळ येणारे शब्द म्हणजे ‘चालवून घेणे’ आणि ‘खपवून घेणे’. नीट पाहिले तर हीही आपली जोडक्रियापदेच आहेत. ‘चालवणे’ आणि ‘घेणे’ यांची बेरीज करून कोणा परदेशीयास ‘चालवून घेणे’ कळेल काय? ‘बोलून बसला’ यात कोणी बसत नाही, ‘खाऊन टाकले’ यात काही टाकले जात नाही. आपली मराठी शिकू पाहणारा एखादा युरोपियन गृहस्थ ‘बसणे’, ‘टाकणे’, ‘ठेवणे’ यांच्यापुढे डोक्यास हात लावून बसतो, तेव्हा जॉन्सनसाहेबांची तक्रार आपल्याही दारी आली असे समजावे. या दोहोंतही पुन्हा भेद आहे. ‘चालवून घेणे’ यात थोडी माया असते : ‘आज भाजीत मीठ कमी आहे, चालवून घ्या.’ ‘खपवून घेणे’ हे बहुधा नकारानेच येते : ‘हे मी खपवून घेणार नाही.’ इंग्रजी शब्द या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभा आहे. तोही नकारात फार शोभतो, ‘आय वोंट पुट अप विथ इट’. आणि होकारात आला तर बहुधा ‘हॅव टु’ घेऊन येतो, म्हणजे इलाज नाही म्हणून चालवून घेतो. यातील खोच अशी, की जी गोष्ट आपण ‘पुट अप विथ’ करतो तिच्यात काही खोट आहे हे गृहीतच धरलेले असते. निर्दोष वस्तू कोणी चालवून घेत नाही. आत्याबाईंना जे लागले ते हेच. भाचा रागावला असता तर त्यांनी समजूत काढली असती. आपण ‘चालवून घेतल्या जात आहोत’ हे ज्याला उमगते त्याला समजूत काढावयासही जागा उरत नाही.

व्याकरणाचे दोन शब्द. पाहुण्यास ठेवून घेण्याच्या अर्थी ‘पुट’ आणि ‘अप’ यांच्यामध्ये कर्म येऊ शकते : ‘शी पुट मी अप फॉर अ मंथ’. सहन करण्याच्या अर्थी तिन्ही शब्द हातात हात घालून चालतात व मध्ये कोणास शिरू देत नाहीत. कर्म नेहमी ‘विथ’च्या मागून. ही साखळी तोडण्याच्या हौसेवरच इंग्रजीतील एक गाजलेला विनोद उभा आहे. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय नको, असा एक सोवळा नियम ड्रायडन कवीने 1672 साली बेन जॉन्सनला दोष देताना पुढे केला व पुढे पंतोजींनी तो उचलला. त्याची थट्टा करण्यासाठी कोणीतरी ‘अप’ आणि ‘विथ’ ही दोन्ही ओढून ‘पुट’च्या आधी नेऊन ठेवली आणि असे विचित्र इंग्रजी मी चालवून घेणार नाही, अशा अर्थाचे महाविचित्र वाक्य बनविले. हे वाक्य चर्चिलसाहेबांचे म्हणून सर्वत्र सांगितले जाते. वस्तुतः 1942 सालीच ते निनावी म्हणून छापलेले आढळते. चर्चिल यांचे नाव त्याला मागाहून जोडले गेले, 1948 साली सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्या पुस्तकातही ते ‘असे सांगतात’ या पुस्तीसह आले, व चिकटले ते चिकटलेच. मोठ्या माणसांना अशी पुष्कळ वाक्ये चालवून घ्यावी लागतात.

‘विथ’ऐवजी ‘टु’ आले तर आणखीच निराळे. ‘पुट समवन अप टु इट’ म्हणजे एखाद्यास फूस लावणे. आणि ‘पुट-अप जॉब’ म्हणजे आधीच संगनमत करून रचलेला बनाव. किंमत वाढविणे, हात वर करणे, भिंतीवर चित्र लावणे, निवडणुकीस उमेदवार उभा करणे हेही सारे ‘पुट अप’च आहे, पण त्यात फसगत व्हावयाची भीती नाही, संदर्भ हात धरून नेतो.

आता मूळ खटल्याकडे. पत्रलेखिकेने मुलाचे पत्र संपूर्ण उतरवून पाठविले, हे फार चांगले केले. ‘आंट’च्या वाक्यानंतर लगेच आत्याबाईंच्या घराचा पत्ता दिलेला आहे. छळाची फिर्याद मांडणारा मनुष्य त्याखाली छळणाऱ्याचा पिनकोड लिहीत नाही. शिवाय ‘ऑक्टोबरअखेरपर्यंत’ अशी मुदत घातली आहे. मुक्कामाला मुदत असते, सोसण्याला आधी ठरलेली तारीख क्वचितच असते. आणि त्याच परिच्छेदात पुढे आपल्या मित्राविषयी ‘माय फ्रेंड इज पुटिंग अप इन द हॉस्टेल’ असे आहे. म्हणजे लेखकाच्या मनात ‘पुटिंग अप’ याचा अर्थ आरंभापासून अखेरपर्यंत ‘उतरणे’ हाच होता. त्या वाक्यापुरते आम्ही चिरंजीवांस निर्दोष ठरवितो, आणि आत्याबाईंनी ते त्याच्या मनाचे वाक्य म्हणून वाचू नये अशी त्यांस विनंती करतो.

परंतु निवाडा करावयास बसल्यावर गैरसोयीचा कागद झाकून ठेवता येत नाही. याच पत्राच्या शेवटी, मुदत का हवी याचे कारण देताना, मुलाने साध्या सरळ इंग्रजीत लिहिले आहे, की घरी रात्री अभ्यासास निवांत जागा नाही. बैठकीच्या खोलीत निजावे लागते व तेथे दूरदर्शन संच उशिरापर्यंत चालू असतो. या वाक्यात कोणतेही जोडक्रियापद नाही. प्राध्यापकांनी ‘त्रास’ वाचला तो केवळ ‘विथ’मुळे वाचला असे म्हणून आम्हांस मोकळे होता येणार नाही, ही दोन वाक्ये एकमेकांच्या साक्षीला उभी राहिली. पत्रलेखिकेने या ओळींविषयी आम्हांस काहीच विचारलेले नाही. आत्याबाईंनीही त्या वाचल्या असतीलच, आणि कदाचित त्यांच्या त्या रात्रीच्या प्रश्नाचा रोख ‘पुटिंग अप विथ’कडे जितका होता तितकाच या ओळींकडेही असेल. मुलाने दोन महिने हे आत्याला सांगितले नाही, ते भिडेपोटी. आत्याबाईही दोन महिने त्याच्या उशिरा जेवण्याबद्दल काही बोलल्या नाहीत, असे जाऊबाईंच्याच पत्रात एके ठिकाणी सहज येऊन गेले आहे. तेव्हा ‘पुट अप विथ’ची क्रिया त्या घरात अगदीच घडत नव्हती असे नाही. ती दोन्ही बाजूंनी चालू होती. त्या वाक्यात तिचा उल्लेख मात्र चुकून झाला.

मुलाने पुढे काय लिहावे, असेही विचारले आहे. प्राध्यापकांना एक ओळ पुरे : ‘आय मेंट दॅट आय ॲम स्टेइंग विथ माय आंट’. हेच आजचे सरळ इंग्रजी होय, व यातील ‘विथ’ निरुपद्रवी आहे. नोव्हेंबरात वसतिगृहात गेल्यावर आत्याबाईंना आभाराची चिठ्ठी तेथील रिवाजाने इंग्रजीत लिहावयाची असेल, तर ‘थँक यू फॉर पुटिंग मी अप’ येथे थांबावे. इंग्रज पाहुणा कधीकधी त्यापुढे ‘अँड फॉर पुटिंग अप विथ मी’ अशी जोड देतो. तेथे स्वतःकडे कमीपणा घेतलेला असल्याने ते गोड लागते. आपल्या चिरंजीवांनी ती जोड द्यावी की नाही, हे त्यांनी ठरवावे; मात्र ‘मी’ आणि ‘यू’ यांची अदलाबदल होऊ देऊ नये.

आणि अभ्यासाच्या जागेचे बोलणे त्यांनी स्वतः आत्याबाईंशी, समोर बसून, मराठीत करावे. थोरल्या काकांनी पुण्याहून फोनवर मध्यस्थी करू नये.